मैत्रिणीसाठी रंगीत मोजे: पहिल्या जोडीचा हिशेब

मोजे विणायला घेतले म्हटलं की स्वेटर विणणारी माणसंसुद्धा एकच प्रश्न विचारतात: "आणि टाच?" हा प्रश्न ऐकून मी कितीतरी वर्षं मफलरच विणत राहिले. प्रत्यक्षात टाचेला तासा-दोन तासांचं काम असतं आणि तेही फक्त सुलट, उलट आणि दोनाचा एक एवढ्यावर भागतं. पहिल्या जोडीत खरी फसगत होते ती मापात आणि रंगात. मोजा सुंदर झाला पण पायात चढला नाही, तर तो मैत्रिणीच्या कपाटात आयुष्यभर सुखाने नांदतो.

म्हणून माझा आग्रह असा की पहिल्या जोडीत रंगांचं काम लोकरीवर सोपवा आणि स्वतःचं सगळं लक्ष मापाकडे द्या. नक्षीचे, फुलापानांचे मोजे तिसऱ्या-चौथ्या जोडीला.

तुम्हाला टाके घालणं, सुलट-उलट विणणं आणि निसटलेला टाका क्रोशाच्या सुईने वर आणणं येतं असं मी धरून चालते. येत नसेल तर आधी एक हातभर पट्टी विणा, मग या.

लोकर आणि सुया

मोज्यांसाठी वेगळी लोकर मिळते, तीच घ्या. तिच्यात बहुधा ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन असतं. नायलॉन का? टाच आणि बोटं सतत बुटाला घासतात, आणि नुसती मऊ लोकर तिथे लवकर विरते. १०० ग्रॅमच्या लडीत सुमारे ४०० मीटर धागा असतो, आणि मध्यम पायाच्या जोडीला तो पुरून उरतो. सुपरवॉश असं लिहिलेली लोकर घेतलीत तर उत्तम. साध्या लोकरीचा मोजा चुकून गरम पाण्याच्या मशीनमध्ये गेला तर आटून बाहुलीच्या मापाचा होतो, आणि भेट दिलेला मोजा कधीतरी मशीनमध्ये जाणारच. निव्वळ सुती धागा पहिल्या जोडीला नको, कारण त्याला ताण नसतो. मोजा ताणला की परत आवळला पाहिजे, नाहीतर दुपारपर्यंत घोट्याशी गोळा होतो. मैत्रिणीला लोकर टोचते का, हे मात्र आधी बोलता बोलता काढून घ्या.

सुया दोन्हीकडे टोक असलेल्या, पाचांचा संच, २.५ मिलिमीटरच्या. चार सुयांवर टाके राहतात आणि पाचवीने विणायचं. हातात ते साळिंदर धरल्यासारखं दिसतं. घाबरू नका, एका वेळी काम दोनच सुयांचं असतं, बाकीच्या नुसत्या लटकत असतात. बांबूच्या घ्या. धातूच्या सुयांवरून टाके सुळकन घसरतात आणि रिकामी सुई खाली पडली की तिचा आवाज घरभर जातो.

शिवाय मापाची टेप, बोथट सुई आणि जमलं तर स्वयंपाकघरातला वजनकाटा. सुरुवातीलाच लोकर तोलून ५०-५० ग्रॅमचे दोन गुंडे करून ठेवायचे, म्हणजे दुसऱ्या मोज्याला कमी पडेल का ही धाकधूक राहत नाही.

पाय मोजायचा, तोही गुपचूप

दोन आकडे लागतात: पायाची लांबी आणि पंजाच्या सगळ्यात रुंद भागाचा घेर.

लांबी बुटावरून काढता येते. युरोपीय नंबर म्हणजे बुटाच्या साच्याची लांबी, दोन तृतीयांश सेंटिमीटरच्या पायरीने मोजलेली. म्हणून नंबराला २ ने गुणून ३ ने भागायचं आणि बोटांपुढची मोकळी जागा म्हणून सुमारे दीड सेंटिमीटर वजा करायचं. नंबर ३८ असेल तर ७६ भागिले ३, म्हणजे २५.३, त्यातून दीड गेला की पाय साधारण २४ सेंटिमीटरचा. मोजा पायाहून सेंटिमीटरभर आखूडच विणायचा, तो ताणून नीट बसतो. म्हणजे आपलं लक्ष्य २३.

घेर गुपचूप कळत नाही. मी सरळ विचारते. भेटीचं गुपित फुटलं तरी चालेल, पण घोट्यापाशी अडकणारा मोजा नको. अगदीच विचारायचं नसेल तर प्रौढ बाईच्या पायाला ६४ टाके हा विणणाऱ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा आवडता आकडा आहे, आणि खालचा सगळा हिशेब त्याच्यावरच मांडला आहे.

आकडा कळला तर मात्र गणित करा. समजा घेर २३ सेंटिमीटर. मोजा पायापेक्षा दहा टक्के लहान हवा, म्हणजे २०.७. बारीक मोज्याच्या लोकरीवर १० सेंटिमीटरमध्ये साधारण ३१ टाके बसतात, म्हणजे सेंटिमीटरला ३.१. दोघांचा गुणाकार ६४. उत्तर काहीही आलं तरी जवळच्या, ४ ने भाग जाणाऱ्या आकड्यावर न्या.

पण तुमच्या हाताला ३१ च बसतात कशावरून? पुस्तकी उपाय म्हणजे आधी चौकोनी नमुना विणणं. मोज्याच्या बाबतीत तो फसवतो. चौकोनात एक ओळ सुलट, एक उलट असते, मोज्यात गोल फिरत सगळं सुलटच असतं, आणि बहुतेकांची उलट ओळ थोडी सैल येते. त्यापेक्षा मोजाच सुरू करा, वरच्या पट्टीनंतर घोट्यावरचा पायाचा भाग सहा-सात सेंटिमीटर विणा आणि तिथे टाके मोजा. ३१ च्या जागी २८ आले तर सुई पाव मिलिमीटरने बारीक करा, ३४ आले तर जाड. उसवायला लागेल, पण तेवढंच.

रंग

सगळ्यात सोपी वाट म्हणजे आपोआप पट्टे पडणारी लोकर. धागा कारखान्यातच ठराविक अंतराने वेगवेगळ्या रंगांत रंगवलेला असतो. तुम्ही एकाच गुंड्यातून विणत राहायचं, पट्टे आपले आपण उमटतात. दोन्ही मोजे हुबेहूब हवे असतील तर दोन्ही गुंडे रंगाच्या एकाच ठिकाणापासून सुरू करा. मी ते करत नाही. मोज्यांच्या जोडीतल्या दोघी बहिणी वाटल्या तर बरं, जुळ्या असल्याच पाहिजेत असं नाही.

दुसरी वाट म्हणजे उरलेल्या गुंड्यांतून स्वतः पट्टे पाडणं. इथे रंग निवडताना एक युक्ती वापरा: गुंडे शेजारी ठेवून फोनवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करून बघा. जे दोन रंग फोटोत सारखेच करडे दिसतात ते मोज्यातही एकमेकांत विरघळतात, मग मुळात एक लाल आणि दुसरा हिरवा का असेना. एक गडद, एक फिका आणि एक मधला असे तीन पुरतात. तीनच रंगांनी किती करता येतं याचा एक जुना दाखला ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. इजिप्तमध्ये सापडलेला, इसवी सन ३०० च्या सुमाराचा, लहान मुलाच्या डाव्या पायाचा पट्ट्यापट्ट्यांचा मोजा. अंगठ्याला वेगळा कप्पा असलेला. तो आपल्यासारखा दोन सुयांवरचा नाही, एकाच सुईने फासे ओवत केलेला आहे. २०१८ मध्ये त्याची छायाचित्रं वेगवेगळ्या प्रकाशात घेऊन तपासली तेव्हा कळलं की त्यातले सगळे रंग लाल, निळा आणि पिवळा या तीनच वनस्पतिजन्य रंगांतून आले आहेत.

गडद रंगांची, विशेषतः लाल आणि गर्द निळ्याची परीक्षा विणण्याआधी घ्या. हातभर धागा कोमट पाण्यात भिजवायचा आणि पांढऱ्या फडक्यात दाबून धरायचा. फडक्याला रंग लागला तर तो गुंडा पांढऱ्याशेजारी बसवू नका. माझ्या दुसऱ्या जोडीतला पांढरा पट्टा पहिल्याच धुण्यात गुलाबी झाला. मैत्रीण म्हणाली, "अगं, छानच दिसतोय," पण तिलाही माहीत होतं आणि मलाही.

पट्टा चार फेऱ्यांपर्यंतचा असेल तर धागा तोडू नका. फेऱ्याच्या सुरुवातीला जुना धागा नव्याला एकदा वेढून आतल्या बाजूने वर न्यायचा, पण सैल. तो ओढला गेला की मोज्याला तिथे दोरी बांधल्यासारखं होतं. पट्टे त्याहून रुंद असतील तर बोटभर शेपूट ठेवून तोडलेलं बरं.

गोल विणताना रंग बदलला की सुरुवातीपाशी पायरी दिसते, कारण आपण खरं तर वर्तुळात नाही, जिन्यासारखं वर चढत असतो. उपाय सोपा आहे: नव्या रंगाचा पहिला फेरा नेहमीसारखा विणा, आणि दुसऱ्या फेऱ्याचा पहिला टाका न विणता नुसता उचलून घ्या. पायरी जवळजवळ नाहीशी होते.

मागे धागे खेळवत दोन रंगांची नक्षी मात्र या जोडीत नको. मागचे धागे ताणत नाहीत, त्यामुळे मोज्याचा लवचिकपणा जातो आणि टाचेवरून तो वर चढत नाही.

वरची पट्टी आणि पाय

६४ टाके सैल हाताने घाला. हात घट्ट असेल तर दोन सुया एकत्र धरून त्यांवर टाके घाला आणि मग एक काढून घ्या. हीच कड टाचेवरून ओढून जायची असते, आणि टाच-घोट्याचा तिरका घेर पंजाच्या घेरापेक्षा बराच मोठा असतो.

टाके चार सुयांवर १६-१६ वाटा. जोडण्याआधी सगळं टेबलावर ठेवून बघा की टाक्यांचा खालचा काठ सगळीकडे आतल्या बाजूला आहे ना. कुठे पीळ पडला आणि तसंच जोडलं तर तो पुढे कशानेही निघत नाही, उसवावंच लागतं. पहिल्या टाक्यापाशी रंगीत दोऱ्याची खूण अडकवा.

आता २ सुलट, २ उलट असे १५ फेरे. मग सगळं सुलट, एकूण उंची १५ सेंटिमीटर होईपर्यंत. हा भाग गप्पा मारत, गाणी ऐकत होतो. एका सुईवरून दुसरीवर जाताना तिथे उभी शिडीसारखी फट पडते ना, तिला उपाय असा: नव्या सुईवरचा पहिला टाका नाही, दुसरा विणल्यावर धागा ओढा. फट घट्ट बसते.

टाच

टाचेला वेगळा, एकरंगी धागा लावा. एक तर दिसायला ठसठशीत दिसतं. दुसरं म्हणजे आपोआप पट्टे पडणारी लोकर टाचेच्या अर्ध्या टाक्यांवर आली की पट्टे एकदम दुप्पट रुंद होतात आणि पायावरची लय मोडते.

फेऱ्याच्या सुरुवातीच्या दोन सुयांवरचे ३२ टाके एका सुईवर घ्या. बाकीचे ३२ आपल्या सुयांवर गप्प बसू देत. आता पुढे-मागे विणायचं:

सुलट बाजूने: १ टाका न विणता उचला, १ सुलट विणा, शेवटपर्यंत असंच.
उलट बाजूने: पहिला टाका नुसता उचला, बाकी सगळे उलट.

अशा ३२ ओळी. उचललेल्या टाक्यांमुळे कापड दुहेरी, गुबगुबीत होतं आणि घासणं सोसतं. कडेला साखळीसारखे १६ मोठे फासे दिसतात, ते पुढे कामाला येणार आहेत.

आता ते बहुचर्चित वळण. दोनाचा एक दोन तऱ्हांनी करायचा असतो. साधा म्हणजे दोन टाके एकत्र सुलट, हा उजवीकडे कलतो. दुसरा डावीकडे कलणारा: दोन टाके सुलट विणायला निघाल्यासारखे एकेक करून उचला, डाव्या सुईवर परत द्या आणि दोन्ही मागच्या बाजूने एकत्र विणा.

पहिली ओळ: १७ सुलट, डावीकडे कलणारा दोनाचा एक, १ सुलट. आता थांबा. सुईवर १२ टाके उरलेत, उरू देत. काम उलटवा.
दुसरी ओळ: १ उचला, ३ उलट, दोन टाके एकत्र उलट, १ उलट. इकडेही १२ उरले. उलटवा.
तिसरी ओळ: १ उचला, ४ सुलट, डावीकडे कलणारा दोनाचा एक, १ सुलट, उलटवा.
चौथी ओळ: १ उचला, ५ उलट, दोन एकत्र उलट, १ उलट, उलटवा.

इथून पुढे दर ओळीत मधला आकडा एकाने वाढतो. पण मोजायचीसुद्धा गरज नाही. मागच्या वेळी जिथे वळलात तिथे टाक्यांमध्ये एक बारीक फट दिसते. फटीच्या अलीकडचा एक आणि पलीकडचा एक, या दोघांचा एक करायचा, पुढचा एक विणायचा आणि वळायचं. १४ ओळींनी कडेचे सगळे टाके संपतात आणि सुईवर १८ उरतात. कापडाला हातात वाटीसारखा खोलगटपणा आलेला असतो. पहिल्या वेळी चौथ्या-पाचव्या ओळीपर्यंत हे काहीतरी भलतंच चाललंय असं वाटणार. वाटू दे, ओळी मोजत राहा.

१८ च्या जागी १७ किंवा १९ टाके आले तर वळणाची सुरुवात शोधत बसू नका. एक टाका कमी-जास्त करून पुढे चला. पायाला कळत नाही.

घोट्याखालचा त्रिकोण आणि पंजा

टाचेचा रंग तोडा, मुख्य लोकर जोडा. १८ टाके सुलट विणा. मग टाचेच्या पट्टीच्या कडेने त्या १६ फाशांतून एकेक टाका उचला आणि कोपऱ्यात एक जास्तीचा, म्हणजे १७. हा जास्तीचा टाका विसरलात तर तिथे भोक पडतं. वाट बघत बसलेले ३२ टाके विणा. दुसऱ्या कडेने पुन्हा १७. शेवटी टाचेच्या १८ पैकी ९ विणा. आता फेऱ्याची सुरुवात तळव्याच्या मधोमध आली, आणि सुयांवर २६, १६, १६, २६ असे ८४ टाके झाले.

२० टाके कमी करायचेत. एक फेरा असा: पहिल्या सुईवर शेवटचे ३ राहीपर्यंत विणा, साधा दोनाचा एक, १ सुलट. मधल्या दोन सुया सरळ. चौथ्या सुईवर १ सुलट, डावीकडे कलणारा दोनाचा एक, बाकी सुलट. पुढचा फेरा साधा. ही दोन फेऱ्यांची जोडी १० वेळा केली की पुन्हा ६४.

मग सरळ विणत जा. टाचेच्या मागच्या टोकापासून १८ सेंटिमीटर भरले की थांबा, कारण बोटांच्या भागाला साधारण ५ सेंटिमीटर लागतात आणि आपल्याला एकूण २३ हवेत. टेपने मोजताना मोजा ताणू नका, हात नकळत ओढतोच.

बोटं

पुन्हा टाचेचाच रंग घ्या. पहिल्या आणि तिसऱ्या सुईच्या शेवटी (३ टाके राहिल्यावर) साधा दोनाचा एक आणि १ सुलट. दुसऱ्या आणि चौथ्या सुईच्या सुरुवातीला १ सुलट आणि डावीकडे कलणारा दोनाचा एक. म्हणजे फेऱ्यात ४ टाके कमी. एक फेरा असा, एक साधा, दर सुईवर ८ उरेपर्यंत. मग दर फेऱ्यात कमी करा, दर सुईवर ४ उरेपर्यंत.

उरलेले १६ टाके शिवण न दिसता जोडायची एक पद्धत आहे. तिला इंग्रजीत किचनरचं नाव आहे, पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश युद्धमंत्र्याचं. त्यानेच ती शोधली ही दंतकथाच असावी. टाके वरचे ८ आणि खालचे ८ असे दोन सुयांवर घेऊन समोरासमोर धरायचे, बोथट सुईत धागा ओवायचा. सुरुवातीला एकदा: पुढच्या सुईच्या पहिल्या टाक्यात उलट विणतो तशी सुई घालून टाका ठेवा, मागच्या पहिल्या टाक्यात सुलट विणतो तशी घालून ठेवा. मग सतत: पुढे सुलट, टाका काढा, पुढच्यात उलट, ठेवा. मागे उलट, काढा, पुढच्यात सुलट, ठेवा. मी अजूनही हे तोंडाने म्हणत करते, आणि मध्ये कोणी हाक मारली तर उत्तर देत नाही. फारच जड वाटलं तर १६ टाक्यांतून धागा दोनदा ओवून आवळून टाका. टोकाला छोटी गुंडी येते, पण पहिल्या जोडीला ती माफ.

दुसरा मोजा

एका मोज्यात अंदाजे १० हजार टाके असतात. नवख्या हाताने मिनिटाला १५ धरले तर ११ तासांचं काम, आणि जोडीला त्याच्या दुप्पट. वाढदिवस गाठायचा असेल तर दीड-दोन महिने आधी सुरू करा. पहिला मोजा संपला की माणूस तो पायात घालून मिरवतो आणि दुसरा राहून जातो. म्हणून ज्या दिवशी पहिला बंद कराल त्याच बैठकीत दुसऱ्याचे ६४ टाके घालून ठेवा. पहिल्याचे फेरे कागदावर लिहिलेले असतील तर फारच उत्तम: पायाचे किती, पंजाचे किती. टेपने दोन मोजे सारखे होत नाहीत, फेरे मोजून होतात.

शेवटी सगळ्या शेपट्या आतून ओवून घ्या, कुठे गाठ मारू नका, ती तळव्याला टोचते. मोजे गार पाण्यात अर्धा तास भिजवा, न पिळता टॉवेलात गुंडाळून दाबा आणि सपाट वाळवा. वेडेवाकडे टाकेही या एका धुण्यात बरेच सरळ होतात.

देताना सोबत चिठ्ठी ठेवा: गार पाणी, पिळायचं नाही, उन्हात टांगायचं नाही. आणि टाचेच्या रंगाचे चार-पाच मीटर एका पुठ्ठ्यावर गुंडाळून ते तिला न देता स्वतःकडेच ठेवा, वर तिचं नाव लिहून. मोजे तिला खरंच आवडले तर वर्षा-दोन वर्षांत टाचेला भोक पडेल आणि ती ते घेऊन तुमच्याकडेच येईल.